मदतीसाठी सायकल फेरी : निघण्याआधी काय पाहायचं?



तालुक्याच्या गावी हल्ली मदतीसाठी सायकल फेऱ्या निघतात. कधी एखाद्या आजारी लेकराच्या ऑपरेशनसाठी, कधी शाळेच्या खोलीसाठी, कधी मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी. बचत गटांनाही बोलावणं येतं. मग बैठकीत बाया आम्हाला विचारतात, "सायकल चालवून पैसे कसे जमतात? आणि आपण जावं का?" आज त्याबद्दलच बोलूया.

फेरीत पैसे तीन वाटांनी येतात. पहिली वाट प्रवेश फीची. भाग घेणारी प्रत्येकजण ठरलेली रक्कम भरते. दुसरी वाट दुकानदार, पतसंस्था, डॉक्टर यांच्या देणगीची. तिसरी वाट आपल्याला नवी आहे. ओळखीच्या माणसांकडून आधीच शब्द घ्यायचा, की मी जितके किलोमीटर जाईन, तितक्याला तुम्ही अमुक रुपये द्या. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन अशी ५४ मैलांची फेरी निघते. हृदयरोगाच्या संशोधनासाठी ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्थेला त्यातून मदत मिळत आली आहे. तिथेही चालवणारा माणूस आपल्या ओळखीतून देणग्या मिळवतो.

आता आपला हिशेब मांडून बघू. समजा गटातल्या १२ जणी २० किलोमीटर जाणार आहेत. प्रत्येकीने १० जणांकडून किलोमीटरला ५ रुपयांचा शब्द घेतला. एका माणसाचे झाले १०० रुपये. एका बाईचे १,००० आणि १२ जणींचे १२,०००. साधी लेडीज सायकल पाच-सहा हजारांत येते, म्हणजे दोन मुलींची सोय झाली.

पण आता खर्च बघा. टी-शर्ट २,४००, फ्लेक्स ६००, चहा-नाश्ता १,०००, पदकं आणि प्रमाणपत्रं १,०००. झाले ५,०००. उरले ७,०००. दोन मुलींपैकी एकीची सायकल टी-शर्ट आणि फ्लेक्समध्ये गेली. म्हणून बोलावणं आलं की पहिला प्रश्न हाच विचारा, की शंभर रुपये जमले तर त्यातले किती गरजवंतापर्यंत पोचणार? नाश्ता घरून न्यावा. पाण्याची सोय वाटेवरच्या गावातल्या गटाने करावी. टी-शर्ट नसला तरी फेरी अडत नाही.

दुसरा प्रश्न, पैसे कुणाच्या खात्यात जाणार? नोंदणीकृत संस्था फेरी काढत असेल, तर पैसे तिच्याच खात्यात जावेत आणि देणाऱ्याला तिचीच छापील पावती मिळावी. मोबाइलवर क्यूआर कोड दिला असेल, तर स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव दिसतंय का, ते बघा. एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर थांबा आणि विचारा. आपण गटाच्या बाया पै-पैचा हिशेब लिहितो, मग इथे विचारायला लाजायचं कारण नाही.

नोंदणी नसताना गावपातळीवर आपणच फेरी काढायची असेल, तर एक कायदा ठाऊक हवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ क प्रमाणे सार्वजनिक कामाच्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीआधी हीच परवानगी काढतात. शिवाय देणगीची रक्कम गटाच्या बचतीच्या खात्यात मुळीच मिसळू नका. त्या पासबुकावर आपलं बँकेचं कर्ज ठरतं. पावतीपुस्तकाला क्रमांक हवेत. पैसे घेणारी एक आणि वहीत लिहिणारी दुसरी असावी. पेटी असेल तर ती चारचौघींसमोर उघडून मोजावी आणि जमा-खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

मोठा दुकानदार विचारतो, "आयकरात सूट मिळेल का?" फेरी काढणाऱ्या संस्थेला ८० जी ची मान्यता असेल तरच मिळते. त्यातही २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर सूट मिळत नाही. खात्री नसेल तर "विचारून सांगते" म्हणावं.

आता शरीराची आणि सायकलीची तयारी. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईलाही सलग २० किलोमीटर एकदम झेपतीलच असं नाही. महिनाभर आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात ५ किलोमीटर, मग ८, मग १२, मग १५. सीट इतकी उंच हवी, की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. हवा, दोन्ही ब्रेक आणि चेन आदल्या दिवशी दुकानात दाखवा. ओढणी कमरेला घट्ट बांधा. साडी नेसली तर पदर खोचा. चाकात कापड अडकून बाई पडते. हेल्मेट मिळेल तर घालाच.

पहाटे उजाडताच निघावं आणि ऊन चढायच्या आत पोचावं. डाव्या बाजूने, एकामागे एक चालवायचं, गप्पा मारत जोडीने नाही. गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. त्यांना पुढे जाऊ द्या. पोलीस ठाण्याला रस्ता आणि वेळ आधी कळवा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर प्रत्येकीला पाठ हवा. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की जलसंजीवनी तयार होते.

जिला चक्कर येते, रक्त कमी आहे, दिवस गेलेत किंवा छातीत धडधडतं, तिने आधी आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारावं. चालवता आलं नाही म्हणून ती मागे राहत नाही. नोंदवही, पाणी, पावत्या, शेवटच्या सायकलीमागची गाडी, ही सगळी कामं तेवढीच महत्त्वाची आहेत.

घरातून विरोध होतो, तेही बोलूया. "या वयात सायकलीवर बसणार? लोक काय म्हणतील?" असं ऐकावं लागतं. भांडून उपयोग होत नाही. सासूबाईंना सरावाच्या ठिकाणी घेऊन या, फेरी कशासाठी आहे ते त्यांना सांगा. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्हा आहे. १९९१-९२ च्या सुमारास तिथल्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला जोर दिला. हजारो खेडूत बाया सायकल शिकल्या, त्यांचे मोठे मेळावे झाले. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया सायकलीने कामावर जाऊ लागल्या. पाणी आणायला, बाजाराला जायला त्यांना कुणाची वाट बघावी लागेना. बायकांना एकत्र सायकल चालवताना बघायची गावाला सवय झाली, की एकटीला टोकणारे कमी होतात.

शेवटी जिच्यासाठी फेरी काढायची, तिच्याबद्दल. गावातली शाळा सातवीला संपते, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर. एसटीची वेळ जुळत नाही आणि मुलगी घरी बसते. मग वर्ष-दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा मुलींची यादी मुख्याध्यापक आणि बाईंसोबत बसून करा. राज्यातल्या २३ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम आहे. त्यात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. आपला तालुका त्यात असेल तर आधी तो अर्ज भरा. आपले पैसे मग उरलेल्या मुलींना पुरतील. सायकल देताना पंक्चर आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा, नाहीतर सायकल सहा महिन्यांत भिंतीला टेकते. आणि त्या मुलीला स्टेजवर उभं करून फोटो काढू नका. दुसऱ्या दिवशी तिला त्याच वर्गात बसायचं असतं. सायकल शाळेतून, बाईंच्या हातून शांतपणे द्यावी.

तर बोलावणं आलं की बैठकीत चार गोष्टी विचारा. पैसे कुणाच्या खात्यात? खर्च किती? वाटेत सोय काय? मदत कुणाला आणि कशी? चारही उत्तरं पटली तर ठराव लिहा, सह्या करा आणि सायकलीत हवा भरा. उत्तरं मिळाली नाहीत तर नम्रपणे नाही म्हणा. तुमच्या गटाने फेरी केली असेल, तर जमा-खर्चाचा कागद घेऊन केंद्रावर या. पुढच्या भागात तो सगळ्यांना वाचून दाखवू. नमस्कार.