डिझेल मोटारसायकलीतील इंधन परतनळी

डिझेल मोटारसायकलीतील इंधन परतनळी ही इंजेक्टरमधून, आणि काही इंजिनांत फ्युएल पंपातूनही, उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी कमी दाबाची नळी होय. कारागिरांच्या बोलीत तिला रिटर्न पाइप असे म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल मोटारसायकलींत अशी नळी सहसा नसते. त्यामुळे पेट्रोल मोटारसायकलीच्या सांगाड्यात डिझेल इंजिन बसवून केलेल्या घरगुती बांधणीत ती नव्याने आखावी लागते. लहान इंजिनांत या नळीतून जाणारे इंधन थेंबांनी मोजण्याइतके अल्प असते; तथापि ती तुंबल्यास इंजेक्टर उघडत नाही आणि ती गळल्यास डिझेल मागील चाकावर पडून वाहन घसरू शकते.

पार्श्वभूमी

कारखान्यात तयार झालेल्या डिझेल मोटारसायकली जगात फार थोड्या आहेत. भारतात रॉयल एनफील्डने ३२५ घनसेंटिमीटर क्षमतेचे ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनी इंजिन असलेली टॉरस ही मोटारसायकल विकली. जर्मनीतील सोमर डिझेल ४६२ या मोटारसायकलीत हाट्झ कंपनीचे ४६२ घनसेंटिमीटरचे औद्योगिक इंजिन वापरलेले आहे. याखेरीज भारत, ब्रिटन, जर्मनी, नेदरलंड्स आदी देशांत हौशी कारागिरांनी स्वतः बांधलेल्या डिझेल मोटारसायकली आढळतात. त्यांत बहुधा बुलेटचा सांगाडा आणि पाण्याचा पंप, जनित्र किंवा तीनचाकी वाहन यांसाठी बनवलेले हवेने थंड होणारे एक सिलिंडरचे इंजिन यांचा मेळ घातलेला असतो. सौराष्ट्रातील छकडा हे तीनचाकी वाहनही मोटारसायकलीचा पुढचा भाग व डिझेल इंजिन अशाच जोडणीतून प्रचलित झाले.

महाराष्ट्रात लहान डिझेल इंजिनांचा मोठा परिचय आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे शेतीत दीर्घकाळ वापरात आहेत, तर बारामतीत तयार होणाऱ्या तीनचाकी वाहनांत ग्रीव्ह्जची एक सिलिंडरची इंजिने बसवली जात. त्यामुळे परतनळीसाठी लागणारे बँजो बोल्ट, तांब्याचे वॉशर व बारीक नळ्या डिझेल दुरुस्तीच्या दुकानांत सहज परिचित आहेत.

कार्य

डिझेल इंजिनात फ्युएल पंप इंधनाचा दाब वाढवून ते जाड भिंतीच्या पोलादी नळीतून इंजेक्टरकडे पाठवतो. अनेक लहान इंजिनांत इंजेक्टर सुमारे २०० बार दाबाला उघडतो. इंजेक्टरच्या टोकाशी असलेली सुई एका स्प्रिंगने दाबून धरलेली असते. इंधनाचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की सुई उचलली जाते आणि डिझेल तुषाररूपाने सिलिंडरमध्ये शिरते.

सुई आणि तिच्या भोवतीचे पोलादी अंग यांमध्ये अवघ्या काही मायक्रॉनांची फट असते. या फटीतून किंचित डिझेल वर झिरपते आणि त्यानेच सुईला वंगण मिळते. झिरपलेले इंधन स्प्रिंगच्या कप्प्यात जमा होते व तेथून परतनळीने बाहेर पडते. हा मार्ग बंद झाला तर कप्प्यात दाब साचत जातो आणि तो स्प्रिंगच्या जोडीने सुईला खाली दाबू लागतो. परिणामी इंजेक्टर उघडण्यास अधिक दाब लागतो, आत जाणारे इंधन घटते आणि अखेर इंजिन बंद पडते. म्हणून परतनळीत शक्य तितका कमी विरोध असावा, हे तिच्या आखणीचे पहिले तत्त्व आहे.

इंजिनाचा प्रकार व परतीचे प्रमाण

परत येणाऱ्या इंधनाचे प्रमाण इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. वापरलेले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, यावरून नळीची जाडी व जोडणी ठरते.

एकेरी पंपाची इंजिने: यात फक्त इंजेक्टरमधील झिरपा परत येतो. तीन ते चार मिलिमीटर आतील व्यासाची नळी त्याला पुरते.

अभिसरण असलेली इंजिने: काही पंपांतून गरजेपेक्षा अधिक डिझेल सतत फिरते आणि उरलेले टाकीत परत जाते. या प्रवाहाबरोबर हवेचे बुडबुडेही निघून जातात. येथे परतनळी पुरवठ्याच्या नळीइतकी मोकळी लागते.

फिरता वितरक पंप: मोटारगाड्यांच्या जुन्या डिझेल इंजिनांत असा पंप आढळतो. त्याच्या परतीच्या पोकळ बोल्टात मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते, कारण पंपातील अंतर्गत दाब त्यावर अवलंबून असतो आणि इंधन सोडण्याची वेळ त्या दाबाने बदलते. पुरवठ्याचा व परतीचा बोल्ट दिसायला सारखे असल्याने त्यांची अदलाबदल होऊ शकते. तसे झाल्यास इंजिन नीट चालत नाही.

कॉमन रेल: नेदरलंड्समधील ट्रॅक टी-८०० सीडीआय या मोटारसायकलीत तीन सिलिंडरचे अशा प्रकारचे इंजिन होते. यातून परत येणारे डिझेल तापलेले असल्याने उष्णता सहन करणारी नळी वापरावी लागते.

टाकीशी जोडणी

पेट्रोल मोटारसायकलीच्या टाकीला परतीचे तोंड नसते. त्यामुळे घरगुती बांधणीत पुढील पर्याय वापरले जातात.

टाकीच्या वरच्या भागात नवे तोंड बसवणे: ही सर्वांत निर्धोक पद्धत मानली जाते. तोंड इंधनाच्या पातळीच्या वर असल्याने नळी निसटली तरी केवळ परतीचे थेंब सांडतात, टाकी रिकामी होत नाही. मोटारसायकलीची टाकी सांगाड्याच्या वरच्या नळीवर खोगिरासारखी बसते आणि तिचे खाली दोन कप्पे पडतात. परतीचे तोंड कॉकच्या विरुद्ध बाजूस ठेवल्यास परतलेल्या इंधनातील बुडबुडे पुन्हा पुरवठ्यात शिरण्यापूर्वी वर निघून जातात.

तळाशी असलेले दुसरे छिद्र वापरणे: काही टाक्यांना दोन कॉकची किंवा दोन कप्पे जोडणाऱ्या नळीची सोय असते. त्यांपैकी एक तोंड परतीसाठी घेतल्यास टाकीवर जोडकाम करावे लागत नाही. मात्र हे तोंड इंधनाखाली असल्याने नळी तुटल्यास टाकीतील डिझेल वाहून जाते. छिद्राच्या आतून पातळीच्या वर जाणारी उभी नळी बसवल्यास हा धोका टळतो.

पुरवठ्याच्या नळीत टी-जोड देणे: केवळ झिरपा परत येणाऱ्या इंजिनांत हा उपाय चालतो, कारण टाकीच्या उंचीमुळे पडणारा दाब अगदी अल्प असतो. जोड फिल्टरच्या आधी द्यावा लागतो. अभिसरण असलेल्या इंजिनांत मात्र हवा व तापलेले डिझेल पुन्हा पुन्हा पंपात जाते. डिझेल तापून पातळ झाल्याने शक्तीही घटते. तेथे ही पद्धत अयोग्य ठरते.

बाटलीत साठवणे: इंजिनाची चाचणी घेताना परतनळी बाटलीत सोडणे सोयीचे असते. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात मात्र बाटली भरून वाहण्याची भीती राहते.

कोणत्याही पद्धतीत परतनळीवर स्वतंत्र कॉक बसवणे टाळले जाते. इंजिन सुरू असताना तो बंद राहिल्यास इंजेक्टरच्या कप्प्यात दाब साचतो, आणि वितरक पंप असल्यास त्याच्या दांड्यावरील सील निकामी होऊ शकते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्रही मोकळे असावे लागते.

साहित्य व मार्ग

साधे नैसर्गिक रबर डिझेलमध्ये फुगते व मऊ पडते, म्हणून नायट्राइल रबराची नळी वापरली जाते. बायोडिझेलसाठी फ्लुओरोकार्बन रबर, म्हणजे व्हिटॉन, अधिक टिकते. पारदर्शक पीव्हीसी नळीतून बुडबुडे दिसत असल्याने ती तपासणीस उपयुक्त असते. परंतु काही काळाने ती कडक होऊन जोडापाशी तडकते. धातूची नळी घ्यायची असल्यास पोलादी नळी योग्य असते. तांबे डिझेलच्या ऑक्सिडीकरणाला चालना देते, तर जस्ताच्या मुलाम्यापासून इंधनात न विरघळणारे पदार्थ तयार होऊ शकतात. जोडातील तांब्याचे छोटे वॉशर याला व्यवहारात अपवाद आहेत.

एक सिलिंडरचे डिझेल इंजिन तीव्र कंप पावते. म्हणून इंजिन व टाकी यांमधील नळीला थोडी ढील देतात आणि ती सांगाड्याला मऊ पट्टीने बांधतात. उच्च दाबाच्या नळीला ती बांधत नाहीत, कारण घर्षणाने ती झिजते. सायलेन्सरचा पुढचा तापलेला भाग, सिलिंडरचे पंखे आणि हँडल वळताना हलणाऱ्या तारा यांपासून ती दूर ठेवली जाते. टाकी बसवताना नळी तिच्या कडेखाली चेपणार नाही, हेही पाहावे लागते.

हवेचा निचरा

इंधनमार्गात हवा राहिल्यास पंप ती दाबत राहतो आणि इंजेक्टर उघडत नाही. याला इंजिनाने एअर धरणे असे म्हणतात. अभिसरण असलेल्या रचनेत परतनळी हवा आपोआप टाकीत सोडते. एकेरी पंपाच्या इंजिनात मात्र ती हे काम करत नाही. तेथे आधी फिल्टरचा, मग पंपाचा स्क्रू आणि शेवटी इंजेक्टरजवळील नट सैल करून, इंजिन फिरवत हवा काढतात. फिल्टरच्या माथ्यापासून टाकीच्या वरच्या भागापर्यंत बारीक नळी नेल्यास फिल्टरमधील हवा आपोआप निघते. ही नळी सतत चढती असावी लागते. मध्ये झोळ किंवा उलटे वळण असल्यास हवा तेथेच अडते.

बिघाडांची लक्षणे

परतनळी तुंबली किंवा चेपली असेल तर इंजिन सुरू होते, पण हळूहळू शक्ती घटून बंद पडते. अशा वेळी परतीचा जोड सैल करताच ते पुन्हा चालू लागले, तर दोष नळीत असल्याचे कळते. इंजेक्टरमधून परतीचे प्रमाण वाढले असेल, तर सुई झिजल्याचा संभव असतो. अशा वेळी तापलेले इंजिन सुरू करणे विशेष अवघड जाते. अभिसरण असलेल्या रचनेत परतनळीत बुडबुडे सतत दिसल्यास पुरवठ्याच्या बाजूने हवा आत शिरत असते. बँजो बोल्टाभोवती ओल दिसल्यास वॉशर बदलावा लागतो. बोल्ट पोकळ असल्याने अधिक आवळल्यास तो तुटतो.

सुरक्षितता

डिझेल पेट्रोलसारखे लवकर उडून जात नाही. ते टायरवर व रस्त्यावर पातळ थर करून राहते. दुचाकीचा तोल टायरच्या पकडीवर अवलंबून असल्याने किरकोळ गळतीही वळणावर घातक ठरू शकते. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ ठिणगीने पेटण्याचे तापमान किमान ३५ °से. असावे लागते, उन्हाळ्यात इंजिनाभोवतीचे तापमान याहून सहज वर जाते.

जुन्या टाकीवर तोंड बसवण्यासाठी वेल्डिंग करताना आत राहिलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. रिकामी दिसणारी टाकीही याला अपवाद नाही. म्हणून ती पूर्ण धुऊन, पाण्याने किंवा निष्क्रिय वायूने भरल्यावरच अनुभवी कारागिराकडून हे काम करवून घेतले जाते. उच्च दाबाच्या बाजूची गळती बोटाने तपासणे धोक्याचे आहे. बारीक धार त्वचा भेदून आत शिरते आणि अशा इजेवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे ठरतील असे फेरफार करण्यास निर्बंध आहेत. इंजिन व इंधनाचा प्रकार या तपशिलांत मोडतात.

हेही पाहा

डिझेल इंजिन
रॉयल एनफील्ड बुलेट
इंधन अंतःक्षेपण
बायोडिझेल