पऱ्हाटीची हाक

बसा पोट्टेहो, जवळ बसा. मेळघाटातून आल्यापासून तुमचा एकच धोशा चालला आहे : सेमाडोहच्या रस्त्याला त्या मुरमाड उतारावर साग एवढा उंच वाढतो, त्याला खत कोण घालतं? प्रश्न फार चांगला आहे. पण उत्तरासाठी सागापासून निघून आपल्या वावरातल्या पऱ्हाटीपर्यंत, म्हणजे कपाशीच्या झाडापर्यंत, यावं लागेल.

गाविलगडचा डोंगर काळ्या कातळाचा, आणि अकोल्या-अमरावतीची काळी मातीही त्याच जातीचा खडक झिजून झालेली. या मातीत स्फुरद असतं, पण आपल्या काळ्या वावरात ते बरंचसं चुन्याशी जखडलेलं. त्यातून स्फुरदाचा स्वभावच बसक्या माणसाचा. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं, स्फुरद जागचं हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा घेर खाऊन संपवतं, आणि मग पुढे भरलेलं ताट असूनही उपाशी राहतं.

तिथे बुरशी कामाला येते. नाक मुरडू नका, ही भाकरीवरची बुरशी नव्हे. हिचा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. मुळाचा सर्वांत बारीक केस जिथे शिरू शकत नाही तिथे हा शिरतो, मुळापासून कित्येक सेंटिमीटर लांब जातो आणि तिथलं स्फुरद, जस्त घेऊन परत येतो. मुळाच्या पेशीत शिरल्यावर त्याला इतके फाटे फुटतात की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत एक इवलंसं झाडच उभं दिसतं. देवघेव तिथे होते. काही दिवसांत ते झाड विरून जातं आणि शेजारच्या पेशीत नवं उभं राहतं.

बुरशीला बदल्यात साखर मिळते, आणि स्निग्धांशही. 2017 साली शास्त्रज्ञांना कळलं की या बुरशीला स्वतःची चरबी बनवताच येत नाही, ती झाडाकडूनच येते. म्हणजे मुळाशिवाय तिला जगणंच नाही. मला यातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं. जी मदतीला येते, तिचाच जीव त्या झाडावर टांगलेला.

जंगलात पावसाळ्यात दिसणाऱ्या छत्र्या मात्र हिच्या नव्हेत. बस्तरच्या सालवनात जो बोडा मिळतो तो मुळांच्या सोबत्यांपैकीच, पण ती बुरशी वेगळ्या कुळातली, मुळाला बाहेरून वेढणारी. सागाची सोबतीण जमिनीवर तोंडच काढत नाही, तिचे बीजाणूही मातीतच तयार होतात. म्हणून तर ती इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. 1885 साली फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मूळ आणि बुरशीच्या अशा जोडीला नाव दिलं, पण जोडी फार जुनी. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडांत चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळंसुद्धा फुटलेली नव्हती, पण पेशींत ही बुरशी होती. मुळं नंतर आली बाप्पा, सोबत आधी आली!

आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्र्याला तर तिच्यावाचून फार जड जातं, कारण या झाडांना मूळकेस आखूड आणि थोडे. अमेरिकेत संत्र्या-लिंबाच्या रोपवाटिकांची माती रोग मरावेत म्हणून विषारी वायूने धुपवत असत. रोग मेले, पण रोपं खुरटू लागली. खत आहे, पाणी आहे, तरी वाढ नाही. 1972 साली उलगडा झाला की रोगाबरोबर सोबतीणही मेली होती. ती परत मातीत घातली आणि रोपं वाढू लागली.

आता खरी गोष्ट. मुळाला डोळे नाहीत, बुरशीला कान नाहीत. मग अंधारात दोघांची गाठ पडते कशी?

उत्तर पऱ्हाटीने दिलं, पण उलट्या वाटेने. तुम्ही ज्वारीतला टारफुला पाहिला असेल. नाजूक पांढऱ्या फुलांचा, पण पक्का चोर. त्याचं बी धुळीएवढं, एका झाडाला हजारोंनी. ते वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ अगदी जवळ आलं की तेव्हाच रुजतं, मुळाला चिकटतं आणि रस ओढून घेतं. बियाला मूळ आल्याचं कसं कळतं, हे शोधताना 1966 साली अमेरिकन शास्त्रज्ञांना एक द्रव्य सापडलं. लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश असलं तरी बी जागं करणारं. आणि ते सापडलं कशात? पऱ्हाटीच्या मुळांतून झिरपणाऱ्या रसात!

आता पाहा गंमत. पऱ्हाटीवर टारफुला जगत नाही. मग ती चोराला जागं करणारं द्रव्य सोडते काहून? आणि कोणतंही झाड आपल्याच वैऱ्याला बोलावणं का धाडेल? हे कोडं जवळपास चाळीस वर्षं तसंच राहिलं. 2005 साली जपानमध्ये अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कुळातलं द्रव्य बुरशीवर टाकून पाहिलं, आणि धाग्याला भराभर फाटे फुटू लागले. हाक चोरासाठी नव्हतीच, सोबतिणीसाठी होती. चोर ती आडून ऐकत होता.

ही हाक पाण्यात लवकर विरते, म्हणून ती थोड्याच अंतरापर्यंत पोचते. त्यामुळेच ती खरी. ऐकू आली, म्हणजे जिवंत मूळ अगदी जवळ आहे. आणि स्फुरदाची भूक जितकी जास्त, तितकी हाक मोठी. स्फुरद भरपूर मिळालं की मूळ गप्प होतं. म्हणूनच हलक्या, उपाशी जमिनीत टारफुल्याचा त्रास अधिक. ज्वारीला तिथे बोलावल्यावाचून गत्यंतर नाही, आणि बोलावलं तर चोरही येतो.

पण आपल्या वऱ्हाडात एका वर्षी कापूस, दुसऱ्या वर्षी ज्वारी असा फेर पूर्वापार चालत आला. कापसाच्या वर्षी पऱ्हाटी हाक मारते, टारफुल्याचं बी फसून रुजतं, चिकटायला जागा मिळत नाही आणि थोड्याच दिवसांत मरतं. आपले पूर्वज हे द्रव्य ओळखत नव्हते, पण हा फेर त्यांनी टिकवला. आज कापसावर कापूस किंवा सोयाबीनवर सोयाबीन घेताना या फेराची आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना जेवू घालतात, असंही तुम्ही ऐकाल. 1997 साली सुझन सिमर्ड यांनी कॅनडाच्या जंगलात एका झाडातला कार्बन दुसऱ्यात गेल्याचं दाखवलं. मात्र त्यावरून रचलेल्या, आई-झाड आपल्या पिल्लांना पोसतं अशा कहाण्यांना पुरावा तोकडा आहे, असं 2023 साली त्याच विषयातल्या शास्त्रज्ञांनी लिहिलं. तेव्हा जेवढं दिसलं तेवढंच माना.

आणि दिसलं म्हणजे खरंच पाहता येतं. श्रावणात ज्वारीची बारीक मुळं धुऊन शाळेच्या प्रयोगशाळेत न्या. बाईंना सांगा, त्या ती दाहक पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करतील, तुम्ही त्यात हात घालू नका. मग निळा रंग चढवून शंभरपट मोठं करून पाहा : पेशीत उभी असलेली ती निळी झाडं दिसतील. मुळा, मोहरी किंवा पालक मात्र घेऊ नका. ही कुळं एकटीच राहतात, सोबतिणीला घरात घेत नाहीत.