सॉकेटांची मर्यादा व कर्नलची स्मृती

दूरस्थ संगणकाशी संपर्क साधू इच्छिणारा प्रत्येक प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, सॉकेटाची मागणी करतो. सॉकेट हे त्या संपर्काचे एक टोक होय. सॉकेटांच्या संख्येवर व स्मृतीवर कर्नल बंधने घालतो. जोडण्या नाकारल्या जाऊ लागल्या की ही बंधने सरसकट सैल करण्याचा मोह होतो. तो कितपत योग्य आहे, याचा विचार लिनक्स कार्यप्रणालीच्या आधारे करू.

येथे मर्यादा एक नसून तीन आहेत. पहिली प्रोग्रॅमची. सॉकेट ही त्याच्या लेखी उघडलेली फाइलच असते, आणि एका वेळी उघड्या राहू शकणाऱ्या फाइलींची प्रारंभिक मर्यादा सामान्यतः १०२४ असते. दुसरी रांगेची. प्रस्थापित झालेल्या, परंतु प्रोग्रॅमने अद्याप न स्वीकारलेल्या जोडण्या रांगेत थांबतात. २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून तिची प्रारंभिक कमाल मर्यादा १२८ ऐवजी ४०९६ झाली. प्रोग्रॅमने याहून मोठी रांग मागितल्यास कर्नल काही न कळविता ती तेवढ्यावरच आणतो.

तिसरी मर्यादा एकंदर टीसीपी-स्मृतीची. ती तीन आकड्यांनी व्यक्त होते व पृष्ठांत मोजली जाते. पृष्ठ बहुधा ४०९६ बाइटांचे असते. पहिल्या आकड्याखाली कर्नल हस्तक्षेप करीत नाही, दुसरा ओलांडताच हात आखडता घेतो आणि तिसऱ्याच्या पुढे स्मृती देण्याचे नाकारतो. यंत्र सुरू होतानाच उपलब्ध स्मृतीवरून हे आकडे ठरतात.

एवढी दक्षता कशासाठी? सामान्य प्रोग्रॅमची स्मृती अडचणीच्या वेळी डिस्कवर हलविता येते. सॉकेटांची स्मृती कर्नलची असल्याने तशी हलविता येत नाही. एका सॉकेटाच्या ग्रहण-साठ्याची कमाल मर्यादा ६ मेगाबाइट धरली, तर दहा हजार सॉकेटांचे साठे भरल्यास सुमारे ६० गिगाबाइट स्मृती अडकेल. १६ गिगाबाइटांच्या यंत्राला हा भार कसा पेलावा?

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट-सेवेवर अर्धवट जोडण्यांचा मारा झाला व रांगा तुंबल्या. रांग कितीही वाढविली तरी मारेकरी ती भरू शकतो. त्याच वर्षी डॅनिअल बर्नस्टीन यांनी सुचविलेल्या ‘सिन कुकी’ या उपायात, समोरून पोच येईपर्यंत त्या जोडणीसाठी स्मृती राखूनच ठेवली जात नाही.

तात्पर्य, प्रथम कोणती मर्यादा गाठली गेली हे शोधावे, मग स्मृतीचा हिशेब मांडावा आणि त्यानंतरच आकडा बदलावा. हिशेबावाचून उठविलेले बंधन एका जोडणीचा नकार टाळते खरे, परंतु संपूर्ण यंत्रच बंद पाडण्याचा धोका पत्करते.