कुत्र्याच्या पानातील प्रथिने

टेंभी नाक्यावर सकाळी दुकाने उघडू लागली की रस्त्यावरची कुत्री पायरीशी येऊन बसतात, आणि कोणी ना कोणी दयाळू गृहस्थ ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडतोच. त्या भूतदयेला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु 100 ग्रॅम बिस्किटांत प्रथिने असतात सुमारे 7 ग्रॅम. बाकीचा बहुतेक मैदा, साखर आणि तेल. रस्त्यावरचे कुत्रे मटणाच्या दुकानामागचा एखादा तुकडा मिळवून ही तूट थोडीफार भरून काढते. घरच्या कुत्र्याला ती मोकळीक नाही. आपण वाढू तेवढेच त्याचे अन्न. म्हणून येथे विचार करावयाचा तो मुख्यतः त्याचा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यांपैकी 10 आम्ले कुत्र्याला अन्नातूनच मिळावी लागतात. ती मांसातून मिळोत, अंड्यातून मिळोत की दुधातून, शरीराला त्याचे सोयरसुतक नसते. मांजरासारखा कुत्रा निव्वळ मांसाहारी नाही. माणसाच्या चुलीशी राहून पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती त्याच्या अंगी लांडग्यापेक्षा पुष्कळच अधिक आलेली आहे. 2013 साली स्वीडनमधील संशोधकांनी त्याची आनुवंशिक खूणही दाखवून दिली. तेव्हा पोळी त्याला पचते, यात शंका नाही. पण पचते म्हणून तेवढ्यावर भागते, असे मात्र नव्हे.

हिशेबच करून पाहू. सुमारे 10 किलो वजनाच्या कुत्र्याला आपल्याकडे 120 ग्रॅम कणकेच्या चार पोळ्या आणि 200 मिलिलिटर दूध मिळते असे धरले, तर त्यात 19-20 ग्रॅम प्रथिने येतात. पाणी वजा केल्यावर जे कोरडे अन्न उरते त्याच्या हे प्रमाण शेकडा 15 पडते. अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रकांच्या कोष्टकात वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यासाठी किमान शेकडा 18, आणि पिलांसाठी व गाभण किंवा पाजत्या कुत्रीसाठी 22.5 सांगितले आहे. एक उकडलेले अंडे किंवा 50 ग्रॅम पनीर घातले की मोठ्या कुत्र्याचा आकडा 18 च्या पुढे जातो; पोळी मात्र त्या मानाने थोडी कमी करावी, नाही तर कुत्रे सुटते. पिलाचे एवढ्याने भागत नाही. त्याला प्रथिनांखेरीज चुना आणि स्फुरद यांचाही मेळ लागतो, आणि तो अंदाजाने न घालता पशुवैद्याला विचारून घालावा.

विकतचे खाद्य घेणाऱ्यांची वेगळीच फसगत होते. डब्यावर प्रथिने 8 आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर 22 हे आकडे पाहून डबा निकृष्ट ठरविला जातो. पण डब्यात 78 भाग पाणी असेल तर उरलेल्या 22 भागांत 8 म्हणजे शेकडा 36 झाले. पिशवीत 10 भाग पाणी, तर 90 मध्ये 22 म्हणजे शेकडा 24 च. शिवाय हा आकडा प्रथिन मोजून काढलेला नसतोच. केल्दाल या डॅनिश रसायनज्ञाने 1883 साली शोधलेल्या रीतीने अन्नातील नत्र मोजतात आणि त्यास 6.25 ने गुणतात. नत्र कोठून आले हे त्या रीतीस कळत नाही. याचाच फायदा घेऊन चीनमधून गव्हाचे प्रथिन म्हणून निर्यात झालेल्या मालात मेलामाइन मिसळले गेले, आणि 2007 साली अमेरिकेत पुष्कळ कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. आकडा मात्र कागदावर उत्तम दिसत होता!

मूत्रपिंडाचे नाव निघाले की म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रश्न येतोच. कुत्रे नऊ-दहा वर्षांचे झाले की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आता अंडी-मटण बंद, दहीभात पुरे.’ त्यामागे माया असते, पण परिणाम उलटा होतो. म्हातारपणी स्नायू झिजतात, आणि ते राखण्यास प्रथिने तरुणपणापेक्षा कमी नव्हे, जास्तच लागतात. दहीभातावर ठेवलेल्या कुत्र्याचे मागचे पाय बारीक होतात, ते जिना चढेनासे होते. आणि आपण म्हणतो, वय झाले. प्रथिनांनी मूत्रपिंडे बिघडतात ही समजूत बऱ्याच अंशी उंदरांवरील प्रयोगांतून आली. एक मूत्रपिंड काढलेल्या वृद्ध कुत्र्यांना चार वर्षे शेकडा 18 व 34 प्रथिनांचे अन्न देऊन पाहिले, तेव्हा अधिक प्रथिनांमुळे उरलेल्या मूत्रपिंडास अपाय झाल्याचे आढळले नाही. हा प्रयोग 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रोग खरोखरच जडला असेल तर गोष्ट निराळी. तेथे स्फुरद आधी आवरावे लागते आणि प्रथिनेही बेताने द्यावी लागतात. पण तो निर्णय रक्त व लघवी तपासून करावयाचा, वाढदिवस पाहून नव्हे. ही तपासणी ठाण्यातील पशुवैद्याकडे होऊ शकते. अवघड दुखण्यासाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहेच.

आणखी एक. प्रथिनांसाठी म्हणून आमटीचे वरण किंवा रश्शातले मटण कुत्र्याच्या पानात ओतू नये. त्यातील कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. त्याचा वाटा फोडणीपूर्वीच बाजूला काढावा. शिजलेले हाड तर मुळीच घालू नये, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. आणि आहार बदलावयाचा झाल्यास आठवडाभरात, रोज थोडा थोडा बदलावा.