पक्के बिल नाही म्हणून हक्क बुडत नाही

घरदुरुस्तीचे काम बिघडले की ग्राहकाला एक वाक्य हमखास ऐकवले जाते: "पक्के बिल आहे का? नाही ना? मग आता काही होत नाही." न्हाणीघराची गळती काढणारा असो, रंगकाम करणारा असो, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा असो किंवा अंगणात फरशी बसवणारा, काम कोणतेही असले तरी शेजारी, नातेवाईक आणि सोसायटीचे पदाधिकारी हेच सांगतात. ठेकेदाराला ते बोलून दाखवावेही लागत नाही. ग्राहक स्वतःच तसे धरून चालतो, गप्प बसतो आणि दुसऱ्याला पैसे देऊन तेच काम पुन्हा करून घेतो.

हे वाक्य मुळापासून चुकीचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक, अशी त्यातली व्याख्या आहे. मोबदला पूर्ण दिलेला असो, अर्धा दिलेला असो किंवा नुसता द्यायचा कबूल केलेला असो, तिघेही ग्राहकच. या व्याख्येत बिलाचा उल्लेख नाही, जीएसटीचा नाही, मुद्रांक कागदावरील कराराचाही नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यानुसार तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. "साठ हजारांत मालासकट गळती काढून देतो" असे ठेकेदार म्हणाला, घरमालकाने होकार देऊन उचल दिली, की करार झाला. ठेकेदाराची नोंदणीकृत कंपनी नाही, तो एकटाच दोन मजूर घेऊन काम करतो, यानेही फरक पडत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने एकटी व्यक्तीही सेवा देणारी ठरते.

कायदा याच्याही पुढे जातो, आणि हा भाग फारसा कोणी सांगत नाही. दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे याला २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवले आहे. बिलावर किमान काय असावे हेही २०२० च्या नियमांत दिले आहे: सेवा देणाऱ्याचे नाव व पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, कामाचे वर्णन. म्हणजे बिल नसणे हा ग्राहकाचा दोष नसून ठेकेदाराविरुद्धचा तक्रारीचा आणखी एक मुद्दा आहे. चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा उलटा न्याय लोकांनी आपापसात ठरवून टाकला आहे. तो कायद्यात कुठेही नाही.

या गैरसमजाचे मूळ दोन गोष्टींच्या गल्लतीत आहे. पहिली गल्लत बिल आणि जीएसटी यांची. "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के जादा पडतील" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी नसेल तर त्याला हा कर घेताच येत नाही. असा ठेकेदार साधे बिल देऊ शकतो, आणि त्याने ते द्यायलाच हवे. नोंदणी असलेल्याने बिलाविना काम केले, तर कर चुकवल्याचा जाब त्याला विचारला जाईल. घरमालकाच्या छतातून गळणाऱ्या पाण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

दुसरी गल्लत हक्क आणि पुरावा यांची. बिल नसेल तर हक्क कायम राहतो, पण तो सिद्ध करायला थोडे जास्त कष्ट पडतात. बिल हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. यूपीआयने दिलेल्या रकमेची नोंद, बँकेचे खातेउतारे, व्हॉट्सॲपवरचे बोलणे, वहीच्या पानावर लिहून दिलेले अंदाजपत्रक, ठेकेदाराने सोबत नेऊन घ्यायला लावलेल्या मालाच्या दुकानदाराच्या पावत्या, कामाचे तारखेसह फोटो, शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, हे सगळे पुरावे आहेत. अनेक सोसायट्यांत दुरुस्तीआधी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो आणि त्यात ठेकेदाराचे नाव लिहावे लागते. फाटकावरच्या नोंदवहीत मजुरांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या नोंदी असतात. ग्राहक आयोगासमोर अशा कागदांना मोल आहे. मोबाइलमधील संदेश जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र सोबत द्यावे, म्हणजे ते पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाण्यात अडचण येत नाही.

हाताशी काहीच नसेल, तर पुरावा काम बिघडल्यावरही तयार होऊ शकतो. समजा, मे महिन्यात न्हाणीघराचे काम झाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या घराच्या छतावर हाताच्या पंजाएवढा पिवळसर डाग उमटला, चार दिवसांत रंगाला फुगे आले आणि बोट लावताच पोपडे गळू लागले. घरमालक फोन करतो, ठेकेदार "उद्या येतो" म्हणतो, असा महिना जातो आणि लेखी काहीच उरत नाही. त्याऐवजी एक साधा संदेश पाठवावा: "१२ मे रोजी तुम्ही आमच्या न्हाणीघराच्या गळतीचे काम साठ हजारांत घेतले. चाळीस हजार रुपये दिले आहेत. पाच वर्षे गळणार नाही असे तुम्ही सांगितले होते. १० जुलैपासून पुन्हा ओल आली आहे. फोटो जोडले आहेत. कधी येऊन पाहता ते कळवा." यावर ठेकेदाराचे ठरलेले उत्तर येते: "पाऊस जाऊ द्या, मग बघतो." टाळाटाळीच्या या एका ओळीत त्याने काम आपण केले हे मान्य केले, आणि रक्कम किंवा हमी नाकारलीही नाही. ज्या माणसाकडे पावती नव्हती, त्याच्याकडे आता ठेकेदाराच्याच हातचा मजकूर आहे.

पुरावा हवा तो दोन गोष्टींचा: व्यवहार झाला याचा आणि काम सदोष आहे याचा. दुसरी गोष्ट लोक विसरतात. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केले आहे. गळतीच्या बाबतीत ही बाजू नाजूक असते. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी वाट मिळेल तसे सरकते. डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर दोष असेलच असे नाही. गळती नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून असू शकते, भिंतीत दडलेल्या नळातून असू शकते, किंवा कोब्याखालच्या थरातून. म्हणून दुसऱ्याकडून फोडाफोड करून घेण्याआधी स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्यावा. आधी फोडले आणि मग तक्रार केली, तर दाखवायला दोषच उरत नाही.

काम सुरू असतानाचे काही फोटोही लाखमोलाचे ठरतात. जुनी फरशी काढल्यावरचा स्लॅब, त्यावर दिलेला वॉटरप्रूफिंगचा थर, आणि फरशी बसवण्याआधी पाणी साठवून घेतलेली चाचणी, या तीन टप्प्यांचे फोटो काढून ठेवावेत. पाणी किमान दोन दिवस साठवून खालच्या छतावर ओल येते का ते पाहतात. जो ठेकेदार ही चाचणी टाळून थेट फरशीवर येतो, त्याला तिथेच थांबवण्याचा घरमालकाला पूर्ण अधिकार आहे. फरशी बसली की आतले काम पुन्हा कोणाला दिसत नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात आवरता येतात.

"मजुरीचे काम ग्राहक कायद्यात येत नाही." येते. घरबांधणीचा समावेश सेवेच्या व्याख्येत १९९३ च्या दुरुस्तीने झाला, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम ही सेवाच असल्याचे सांगितले. कायद्याबाहेर राहतो तो वैयक्तिक नोकरीचा करार. महिना पगारावर ठेवलेल्या माळ्याविरुद्ध आयोगाकडे जाता येत नाही. बागेचे काम ठेक्याने घेणाऱ्याविरुद्ध जाता येते.

"शेवटचा हप्ता अडवून ठेवला म्हणून तक्रारीचा हक्क गेला." गेलेला नाही. अर्धवट दिलेला मोबदलाही मोबदलाच आहे. मात्र किती रक्कम आणि का राखून ठेवली, हे ठेकेदाराला लेखी कळवावे.

"वकील लावावा लागतो, खर्च परवडत नाही." वकील सक्तीचा नाही; तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ठेकेदाराच्या गावी जावे लागत नाही. ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून तडजोडीचा प्रयत्न करता येतो.

"पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली की ठेकेदार सुतासारखा सरळ येतो." भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असावा लागतो. उचल घेऊन खोटा पत्ता देऊन पसार झालेल्या माणसाविरुद्ध पोलिसांत जाणे योग्य आहे. काम केले पण वाईट केले, हा ग्राहक आयोगाचा विषय आहे.

"ॲपवरून बोलावलेल्या कारागिराची जबाबदारी ॲपवर नसते." २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात ती निकाली काढावी लागते.

"नव्या घरातली गळती आपणच काढायची." ही समजूत सर्वात महाग पडते. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आधी ठेकेदार लावून फोडाफोड केली, तर दोष मूळचा की नंतरचा हा वाद उभा राहतो. आधी विकासकाला लेखी कळवावे, तो दाद देत नसेल तर महारेराकडे जावे.

"वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानेच गच्चीची गळती काढावी." महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती काढण्याचा खर्च संस्थेचा असतो. सदनिकेच्या आतल्या न्हाणीघराची गळती मात्र सदस्याने स्वतःच्या खर्चाने काढायची असते.

"ठेकेदाराशी बोलणी चालू आहेत तोवर वेळ जात नाही." वेळ जातो, आणि इथेच अनेक खरी प्रकरणे बुडतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. विलंबाला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण नुसती पत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही.

"निकाल लागला तरी पैसे मिळत नाहीत." आयोग दोष काढून देण्याचा, रक्कम परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. तो पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विलंबाची तक्रार मात्र खरी आहे: विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्याहून लांबतात. पण उशिरा मिळणारा निकाल आणि न मिळणारा निकाल यांत फरक आहे. ज्याने तक्रारच केली नाही, त्याच्या वाट्याला दुसराच येतो.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ज्या राज्यात काम करते आहे, तिथे आजही पावतीअभावी माणसे हक्क सोडून देतात, ही खेदाची गोष्ट आहे. पुढच्या वेळी काम ठरवताना ठेकेदाराकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून सही घ्यावी: कामाचे स्वरूप, एकूण रक्कम, पूर्ण होण्याची तारीख आणि हमीचा काळ. आणि ज्यांचे काम आधीच बिघडले आहे, ज्यांच्याकडे असा कागद नाही, त्यांनी आजच ठेकेदाराला तारखा, रक्कम आणि फोटोंसह संदेश पाठवावा. दोन वर्षांची मुदत चालू आहे.