नऊ माळा आणि बांधावरचा तरवड

नवरात्रात घटावरची माळ विकत आणण्याचं चलन लातूर-नांदेडच्या वस्त्यांत आता चांगलंच रुळलं आहे. गंजगोलाईच्या बाजारातून तयार माळ आणायची, घटावर सोडायची, झालं. तरीही काही गल्ल्यांत देवीच्या ओट्यावर सकाळी बायका एकत्र बसतात आणि देवळाच्या, शेजारपाजारच्या घटांसाठी माळा ओवतात. कुणी पैसे देत नाही, कुणी मागत नाही. बघणाऱ्याला ही बायकांची हौस वाटते, नाहीतर रिकामपणाचा उद्योग. हे काम दोन्हीपेक्षा मोठं आहे, असं माझं म्हणणं आहे. या ओवण्यामुळे बांधावरच्या रानफुलाला अजून गिऱ्हाईक आहे. आणि आपल्या शेतीत ज्या झाडाला कुणी विचारत नाही, ते झाड टिकत नाही.

परडी, काळी माती, धान्य हे घटोघटी सारखंच. फरक पडतो तो माळेत. पहिली माळ बऱ्याच घरांत विड्याच्या पानांची असते, पुढं तरवड, कारळ, शेवंती, झेंडू, जे हाताशी येईल ते. पण बघावी ती तरवडाची माळ करतानाची बैठक. फूल पिवळंधमक, पाच पाकळ्यांचं. चिमटीत जरा जोर पडला की पाकळी चुरगळते. म्हणून सुई पाकळीत घालत नाहीत, मागच्या देठात घालतात. एका फुलाचं तोंड डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं, मध्ये एखादी कळी, म्हणजे दोरा उघडा पडत नाही. हात बसलेली बाई दोऱ्याकडं बघतसुद्धा नाही. गप्पा चालू, सुई चालू. नवखीची मात्र निम्मी फुलं मांडीवरच गळतात. हे सगळं ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, कारण फूल लगेच मान टाकतं. आणि कालची माळ काढायची नाही, तिच्या शेजारी आजची बांधायची. नऊ दिवस, नऊ माळा. शेवटच्या दिवशी पहिली वाळून तपकिरी झालेली असते आणि नववी ताजी. त्या आठवड्यात शिवारात काय फुललं होतं, याची नोंदच घटावर टांगलेली असते. २०२५ साली तिथी वाढली आणि नवरात्र दहा दिवसांचं झालं, तेव्हा एक माळ जास्त.

हे फूल किती मोलाचं, ते नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडं तेलंगणात बघितलं तर पटतं. याच दिवसांत तिथं बतुकम्मा मांडतात. तरवड, आपल्या ज्वारीत तण म्हणून उपटतात तो कुरडू आणि झेंडू, यांचे थरावर थर रचून वस्तीतल्या बायका भोवती फेर धरतात आणि शेवटी ती रास तळ्यात सोडतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या तेलुगू घरांतही हा सण होतो. तेलंगणानं २०१४ मध्ये बतुकम्माला राज्याचा सण केलं आणि तरवडाला राज्यफुलाचा मान दिला. एकाच मातीतलं, एकेकाळी एकाच निजामी राज्यातलं फूल. तिकडं राज्यफूल झालं, इकडं तणनाशकाच्या फवाऱ्याखाली जातं.

माळा ओवण्यावर पहिला आक्षेप येतो तो झेंडूवाल्या शेतकऱ्याच्या बाजूनं. फुकट माळा ओवल्या तर त्याचं काय? आक्षेप रास्त आहे, पण रोख चुकला आहे. दसऱ्याचं तोरण, गाडीचा हार, दुकानाची पूजा, हे सगळं झेंडूचंच राहतं. दर पडले की तोच शेतकरी फुलं रस्त्यावर ओतून जातो, आणि त्याचा बाजार तरवड खात नाही, प्लास्टिकचा हार खातो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिक फुलांवरच्या बंदीचा विषय निघाला, तो काही उगाच नाही. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: उपास, स्वयंपाक, सोवळं-ओवळं, त्यात ही बिनपैशाची सेवासुद्धा बाईनंच करायची का? नाही, करू नये. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला पुरुषही बसतात, त्यानं कुणाची शान जात नाही. मंडपात ढोल बडवणाऱ्या पोरांच्या हातात सकाळी अर्धा तास सुई दिली तर काही बिघडत नाही. तिसरा आक्षेप रान ओरबाडण्याचा. आपट्याचं आपण काय केलं ते दिसतंच आहे; सोनं म्हणून फांद्याच्या फांद्या उतरल्या, आता पुष्कळ ठिकाणी कांचनाची पानंच आपटा म्हणून खपतात. तरवडाचं तसं होऊ द्यायचं नसेल तर फूल खुडावं, फांदी मोडू नये, आणि शेंगा धरायला थोडी फुलं झाडावर ठेवावीत. हे ओवणाऱ्या बायकांना सांगावं लागत नाही. विकायला ओरबाडणाऱ्याला सांगावं लागतं.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं ज्या लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं, त्या शहरानं नळाच्या पाण्यावर शोभेची फुलं वाढवायची, हे गणितच बसत नाही. तरवडाला कुणी पाणी घालत नाही. मुरमाड माळावर, उतारावर तो आपला आपण येतो. आणि उलट्या संकटातही तोच धीराचा: २०२५ च्या सप्टेंबरात ऐन नवरात्रात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पाणी साचलं की झेंडूची मुळं कुजतात. तरवड उभा असतो त्या उतारावर पाणी थांबतच नाही. पण सोयाबीनच्या पट्ट्यात बांध इंच इंच कोरले जात आहेत, आणि जो उरतो तो फवारून साफ होतो. तेव्हा शेतकरी बंधूंना एवढंच मागणं आहे: फवारणीचा पंप बांधावर नेऊ नका, चार झुडपं राहू द्या. आणि शहरातल्या मंडळांनी यंदा शेंगा वाळल्या की बी गोळा करावं, पुढच्या मृगात ते गल्लीतल्या मोकळ्या जागेत टोकावं.