फुले पाहायला वाकावे लागते

“रोज अर्धा तास चालत जा.” भवानी पेठेतील माझ्या दवाखान्यात गेली सत्तावीस वर्षे हा सल्ला मी दिवसातून दहा वेळा तरी देत आलो आहे. यंत्रमागापाशी आठ-दहा तास उभे राहणारे कामगार, मांडी घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रिया, निवृत्तीनंतर ओट्यावर बसून राहणारे आजोबा, सारे मान डोलावतात, औषधाची चिठ्ठी घेतात आणि बहुतेक जण चालत नाहीत. या सल्ल्यात काय उणे होते, ते मला माझ्याच घरात कळले.

माझ्या आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. हाड दीड-दोन महिन्यांत जुळले. मनातली भीती मात्र गेली नाही. ती उंबऱ्याबाहेर पडेनाशी झाली. उतारवयात पायांचे स्नायू वापरले नाहीत तर झपाट्याने क्षीण होतात, शरीराचा तोल बिघडतो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. पडण्याच्या भीतीने बसून राहिलेला माणूस अशा रीतीने पडण्याचीच तयारी करीत असतो. हे सारे मी तिला समजावून सांगितले. ती एवढेच म्हणाली, “चालेन रे, पण बाहेर बघायचं काय आहे?” या प्रश्नावर माझ्यापाशी गोळी नव्हती.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही तिला कासच्या पठारावर नेले.

जांभ्यावरची बाग

कासचे पठार सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवर आहे. ही बाग कोणी लावलेली नाही, तिला माळी नाही. तरीही येथे ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचाही समावेश आहे.

आपण सोलापूरकर काळ्या मातीची माणसे. ‘जमीन कसदार तर पीक जोरदार’ हा आपला अनुभव. कासला तो उलटा होतो. पठार जांभ्या खडकाचे आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की कित्येक ठिकाणी बोटभरही खोली नाही. पावसाने अन्नद्रव्ये धुऊन जातात. उन्हाळ्यात हाच कातळ तव्यासारखा तापतो. मोठे वृक्ष येथे मूळ धरू शकत नाहीत आणि म्हणूनच इवल्या रोपांना मोकळे आकाश मिळते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांना उगवायचे, फुलायचे आणि बी धरायचे असते.

त्यांच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. ‘सीतेची आसवं’ या निळ्या-जांभळ्या फुलांच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात. मातीत नत्र कमी, म्हणून ही वनस्पती त्या पिशव्यांत बारीक जलचर पकडून नत्राची गरज भागवते. ‘दवबिंदू’च्या पानांवरचे चमकते थेंब दव नसून चिकट सापळे असतात. ‘वायतुरा’ डबक्यांत वाढतो आणि त्याचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो. त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे. पांढरे गेंद, पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा यांचे ताटवे दुरूनही दिसतात. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच बहरते.

गौरीचा तेरडा

आई काठी टेकत हळूहळू चालत होती. बहुतेक फुले घोट्याच्या उंचीची. ती पाहायची तर थांबावे लागते, वाकावे लागते. तेरड्याच्या ताटव्यापाशी ती थबकली. “अरे, ही तर आमची गौर!” तिचे माहेर कोरेगाव तालुक्यातले. तिच्या लहानपणी मुली ओढ्याकाठचा तेरडा आणून त्याचीच गौर बसवीत. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर महालक्ष्म्या उभ्या राहू लागल्या आणि तेरडा मागे राहिला. कासचा तेरडा त्याच कुळातला, पण जात वेगळी; हे मी तिला सांगितले. तिने ते फारसे मनावर घेतले नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण म्हणतो. तिच्या आठवणीतला रंग साठ वर्षांनीही तसाच होता.

मी घड्याळ पाहिले. ती चाळीस मिनिटे पायांवर होती, आणि गुडघ्याची तक्रार तिने एकदाही केली नव्हती. गुडघे अर्थातच दुखत होते. रात्री साताऱ्याच्या मुक्कामी तिने मलम मागून घेतले. पण त्या चाळीस मिनिटांत तिचे लक्ष गुडघ्यांवर नव्हते.

शास्त्र काय सांगते

हिरवाईचा आणि प्रकृतीचा संबंध केवळ कविकल्पना नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर फार मोठे दावे रचू नयेत. फुले पाहून रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. परंतु ज्या चालण्याला पाहण्याची जोड असते, ते चालणे टिकते.

आणखी एक इशारा डॉक्टर म्हणून देतो. ‘रानातले ते औषधी’ या समजुतीने कोणतेही पान, कंद वा बी तोंडात घालू नये. सह्याद्रीत पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले दिसतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. हेच द्रव्य गाऊटवर आम्ही अगदी अल्प मात्रेत देतो; मात्रा वाढली तर ते प्राणघातक ठरते. मुलांना हात लावू देण्याआधी हे आवर्जून सांगावे.

जाण्यापूर्वी

• ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा बहराचा काळ. दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असल्याने आधी ऑनलाइन नोंदणी करावी. शनिवार-रविवार टाळल्यास ज्येष्ठांना निवांत चालता येते.

• सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, कोरेगावमार्गे साताऱ्याला जाता येते. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत.

• ओला जांभा निसरडा असतो. रबरी तळाचे, घट्ट बसणारे बूट आणि काठी हवी, चपला नकोत. वारा बोचरा असतो, धुके अचानक उतरते. कानटोपी आणि रेनकोट जवळ ठेवावा.

• दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा, सामानात नव्हे. मधुमेहींनी खाण्याची वेळ चुकवू नये, साखर जवळ बाळगावी आणि संध्याकाळी तळपाय तपासावेत. पायांना जखम असता कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहणे आवश्यक.

• आखलेली वाट सोडू नये. छायाचित्रासाठी ताटव्यात बसल्याने चिरडलेले रोप बी धरत नाही आणि पुढच्या वर्षी त्या जागी उगवत नाही. फूल तोडू नये, हे निराळे सांगणे न लगे.

परतल्यावर

वाचकहो, कासला जाणे सर्वांना जमेल असे नाही. परतल्यावर आम्हांला कळले, की त्याची तितकी गरजही नाही. पर्जन्यछायेतील आपल्या सोलापुरातही पावसानंतर माळ फुलतो. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे, गोखरू, शंखपुष्पी, एकदांडी आपल्याला रिकाम्या भूखंडांवर आणि रस्त्याच्या कडेला भेटतात. सिद्धेश्वर वनविहार शहरातच आहे. माळढोकासाठी प्रसिद्ध असलेला नान्नजचा गवताळ माळही फार दूर नाही.

आई आता आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी काठी घेऊन खाली उतरते, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेपर्यंत जाते आणि काय उगवले ते पाहून येते. काही दिवस गुडघे नाही म्हणतात. त्या दिवशी ती नातीला पाठवते आणि बातमी मागते. तोल पूर्वीपेक्षा बरा आहे, भीती पूर्ण गेलेली नाही.

दवाखान्यातला माझा सल्ला मात्र बदलला आहे. “रोज अर्धा तास चाला,” असे मी आजही सांगतो. पुढे एवढेच जोडतो, “आणि पुढच्या वेळी येताना वाटेत कोणते फूल पाहिले, ते मला सांगा.” आता काही जण खरेच सांगतात. ज्याचे नाव मला ठाऊक नसते, ते पाहायला दवाखाना बंद केल्यावर मीही जातो.